साठवण यंत्रणेची जोडवाट



सातबाराचे उतारे, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुनी छायाचित्रे ही शासनाची मोलाची ठेव आज संगणकीय साठवण यंत्रणेत जतन होत आहे. एखादी डिस्क निकामी झाली तरी माहिती वाचावी, अशी तरतूद आपण करतो. परंतु त्या यंत्रणेकडे जाणारी केबल मात्र पुष्कळदा एकच असते. ती निसटली की कोठार शाबूत असूनही दार बंद होते आणि दाखल्यासाठी आलेला शेतकरी रिकाम्या हाती परततो.

यावरील उपायास ‘बाँडिंग’ म्हणतात. दोन वा अधिक नेटवर्क पोर्ट एकत्र बांधून त्यांना एकच पत्ता दिला जातो. आयईईई या संस्थेने २००० साली ‘८०२.३एडी’ या नावाने त्याचे प्रमाण ठरविले. २००८ साली ते ‘८०२.१एएक्स’ झाले.

याच्या मुख्य रीती दोन. पहिलीत एक केबल कार्यरत व दुसरी राखीव असते. ही रीत साधी असून दोन केबली दोन निरनिराळ्या स्विचना जोडता येतात. दुसरीत दोन्ही केबली वाहत्या असतात आणि यंत्रणा व स्विच परस्परांना ठराविक काळाने संदेश पाठवितात. हा काळ ३० सेकंदांचा किंवा १ सेकंदाचा असतो. लागोपाठ तीन संदेश चुकले की ती केबल बाद धरली जाते. म्हणजे पहिल्या योजनेत ९० सेकंद जातात, दुसरीत ३.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एक गिगाबिटची केबल सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट वाहते. म्हणून दोन केबलींवर एकच फाइल दुप्पट वेगाने येईल, असे नाही. माहितीचा क्रम बिघडू नये म्हणून एका संभाषणाचा सर्व प्रवाह एकाच केबलीवरून जातो. लाभ होतो तो अनेकजण एकाच वेळी काम करीत असताना. रस्ता रुंद केल्याने एकटी बैलगाडी वेगाने धावत नाही. गाड्यांची दाटी मात्र कमी होते.

दोन्ही केबली एकाच स्विचला जोडल्या आणि तोच बंद पडला, तर जोडवाट व्यर्थ. आयस्कझी पद्धतीच्या साठवणीत तर बाँडिंगऐवजी ‘मल्टिपाथ’ ही स्वतंत्र वाटांची योजना सामान्यतः अधिक योग्य ठरते.

सर्वांत मोठा धोका मात्र यशातच दडलेला आहे. एक केबल तुटली तरी काम चालूच राहते. म्हणून ती तुटल्याचे कोणाच्या ध्यानी येत नाही. मग दुसरी तुटते, तेव्हा हाती काहीच उरत नाही. यास्तव बिघाडाची सूचना जबाबदार व्यक्तीकडे तत्काळ पोहोचेल, अशी व्यवस्था हवी. ठरलेल्या दिवशी, पूर्वसूचना देऊन, एक केबल मुद्दाम काढून पाहावी आणि निष्कर्षाची नोंद ठेवावी. तसेच चुकून पुसलेली नोंद जोडवाट परत आणीत नाही. त्यासाठी वेगळी प्रत अन्यत्र ठेवलीच पाहिजे.

जनतेची नोंद जपणे हे जसे आपले कर्तव्य, तसेच ती मागताक्षणी देता येणे हेही. दुसरी केबल आहे ती त्यासाठीच.