विंचवाची ओळख



चिंबोरी तुम्ही रोज पाहता. तिचे पाय मोजा. चिमटे धरून दहा. मुंगीचे सहा. कोळ्याचे आठ. विंचवाचेही, चिमटे सोडून, आठच! म्हणजे विंचू हा मुंगीच्या घरचा नव्हे. तो कोळ्याचा भाऊबंद.

आपल्या रायगड जिल्ह्यात काळा विंचू असतो, मोठा, जाड चिमट्यांचा. त्याला पाहून माणूस घाबरतो. दुसरा लहान, तांबूस, बारीक चिमट्यांचा. तो दगडाखाली, लाकडांच्या राशीत, पेंढ्यात, कधी चपलेतही बसतो. जास्त घातक हा धाकटाच, बरं का!

आम्ही नवे मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. शेजारच्या सहा वर्षांच्या पोराला तांबडा विंचू चावला. मांत्रिक आला. तासाभरात पोराचे रडणे थांबले. सगळे म्हणाले, "उतरला." आम्हीही मान डोलावली. पोराला घाम सुटला होता, उलट्या झाल्या होत्या, हातपाय गार पडले होते. ते आम्ही पाहिले, पण समजलो नाही. पहाटे त्याला धाप लागली आणि तो गेला.

या विंचवाचे विष हृदयावर जाते, मग फुप्फुसात पाणी भरते. वेदना थोडी असली तरी धोका मोठा असू शकतो.

औषध तेव्हा निघालेले होते. डॉक्टर हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले. त्यांनी रोग्यांची लक्षणे बारकाईने टिपली. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी वेळेवर दिली तर रोगी वाचतो, हे त्यांनी दाखवून दिले. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. विंचू चावला की घाम येण्याची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा. गोळी मात्र डॉक्टरनेच द्यायची.

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' म्हणतात ते खरेच आहे. विंचवीण अंडी घालत नाही. पांढुरकी पिल्ले जन्मतात ती आईच्या पाठीवर चढतात. पिल्ले आईला खातात म्हणतात, ती भाकडकथा. पहिली कात टाकली की थोड्या दिवसांत ती उतरून आपापल्या वाटेने जातात.

नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात विंचवावर धरला तर विंचू हिरवट चमकतो. आमच्या नातवाने तसा दिवा आणला आहे. रात्री पडवीतल्या लाकडांवर आम्ही तो फिरवतो, मगच ओंडका उचलतो.