पत्ता नागपूरचा, रुग्ण पांढुर्ण्याचा

(पांढुर्णा येथे वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्याकडे कुणाचे दुखणे हाताबाहेर गेले की गाडी नागपूरच्या रस्त्याला लागते. पांढुर्णा असो की सौसर, मोठे इस्पितळ म्हणजे नागपूर. तिथल्या डॉक्टरांनी पुढे त्या आजारावर शोधनिबंध लिहिला, तर त्यावर पत्ता येतो नागपूरचा. आपल्या बागांतली संत्री बाजारात नागपुरी म्हणून ओळखली जातात, तेच आपल्या आजारांचेही होते. हे आजार सूचीतून हुडकून काढता येतात आणि ते काम आपल्याच कॉलेजातली मुलेमुली करू शकतात, एवढेच सांगायला मी आज उभा आहे.

सूची म्हणजे पबमेड. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची छापील सूची सुरू केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने पुढे ती संगणकावर नेली आणि १९९७ पासून सगळ्या जगाला फुकट खुली केली. आज तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. तिथे मिळते ती निबंधाची नोंद. अख्खा निबंध दर वेळी मिळेलच असे नाही.

ही नोंद साध्या मजकुराच्या रूपात उतरवून घेता येते. तेव्हा प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक खूण दिसते. पीएमआयडी हा नोंदीचा क्रमांक, टीआय म्हणजे शीर्षक, एयू लेखक, एडी लेखकाचा पत्ता, एबी सारांश, एमएच विषयमथळा. खुणेला चार अक्षरांची जागा असते, मग एक आडवी रेघ आणि एक मोकळी जागा. त्यामुळे मजकूर नेहमी सातव्या घरापासून सुरू होतो. सारांश लांबला तर पुढच्या ओळीला खूण नसते, नुसत्या सहा मोकळ्या जागा असतात. त्या दिसल्या की समजायचे, मागचेच वाक्य चालू आहे.

पायथन या संगणकभाषेतल्या बायोपायथन या फुकट संचात मेडलाइन नावाचा एक छोटा भाग आहे. तो हेच करतो: सहा मोकळ्या जागा दिसल्या की ओळ मागच्या ओळीला जोडतो, खुणेनुसार मजकूर कप्प्यात टाकतो. शीर्षक एकच असते, म्हणून ते सलग मजकूर म्हणून मिळते. लेखक अनेक, म्हणून त्यांची यादी मिळते. दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट हजार नोंदी वाचून काढते. नोंदी मागवताना आपला ईमेल द्यावा लागतो आणि खास किल्ली घेतली नसेल तर सेकंदाला तीनच विनंत्या करता येतात. मोठी कामे अमेरिकेतल्या रात्री करावीत अशी त्या ग्रंथालयाची सूचना आहे. त्यांची रात्र म्हणजे आपली सकाळ ते दुपार, तेव्हा आपली सोयच आहे.

इथे एक गोष्ट मात्र नीट पाहायला हवी. मूळ मजकुरात एका लेखकाचे नाव येते, त्याखाली त्याचा पत्ता, मग दुसरा लेखक, त्याचा पत्ता. मेडलाइन भाग हे सगळे वाचतो, पण लेखकांची यादी वेगळी करतो आणि पत्त्यांची वेगळी. एखाद्या लेखकाचे दोन पत्ते असले किंवा एकही नसला, की दोन्ही याद्यांचा मेळ तुटतो. तिसरा लेखक तिसऱ्या पत्त्यावरचाच, असे धरून चाललात तर पुण्याचा माणूस नागपूरला जाऊन बसेल. ही जोडी टिकवायची असेल तर नोंद एक्सएमएल रूपातच मागवावी. त्यात लेखक आणि त्याचा पत्ता एकाच वेष्टनात राहतात.

शिवाय सगळ्या नोंदींत सगळे कप्पे नसतात. उदाहरण घ्या: १९६५ साली नागपूरकडे तापाची साथ होती. रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला आणि त्याला तिथल्या चांदीपुराचे नाव मिळाले. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्यावर निबंध लिहिला. या सूचीत लेखकांचे पत्ते १९८८ पासून आणि सारांश १९७५ पासून नोंदवले जाऊ लागले. म्हणजे १९६७ च्या नोंदीत पत्ता शोधायला गेलेली स्क्रिप्ट तिथेच अडून बंद पडते. कप्पा नसेल तर रिकामी जागा घे आणि पुढे चल, असे तिला आधीच सांगून ठेवावे लागते. आणि रिकामी जागा म्हणजे ‘नागपूरचा नाही’ असा अर्थ काढायचा नसतो. २००३ साली याच विषाणूने आंध्रात १८३ मुले नेली, २००७ साली नागपूर विभागात पुन्हा साथ आली. ही सगळी साखळी सूचीत सापडते, कारण गावाचे नाव विषाणूलाच चिकटले.

आपल्या दोन तालुक्यांचे नशीब तसे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. त्याआधीच्या निबंधांत आपण ‘छिंदवाडा’ आहोत, कित्येकदा नुसते ‘मध्य भारत’. विषयमथळ्यात तर ‘इंडिया’ यापलीकडे आपला ठाव लागत नाही. रोमन लिपीत पांढुर्ण्यातला ‘एच’ कधी एकदा येतो, कधी दोनदा. सौसरला कुणी मध्ये ‘एन’ घालतो, कुणी गाळतो. शोधताना सगळी रूपे द्यावी लागतात. आणि भूगर्भशास्त्रात सौसर म्हणजे मँगनीजवाहू खडकांची मालिका, त्यामुळे नाव दिसले म्हणून नोंद आपल्या कामाची असेलच असे नाही.

हे सगळे कशासाठी, असे कुणी विचारले तर मी २०२५ चा सप्टेंबर आठवायला सांगेन. छिंदवाडा जिल्ह्यातल्या, मुख्यतः परासिया भागातल्या लेकरांना खोकल्याचे औषध दिले गेले, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते. मूत्रपिंडे निकामी होऊन त्यातली कित्येक लेकरे गेली, बरीच नागपूरच्या इस्पितळांत. हेच विष १९३७ साली अमेरिकेत शंभरावर माणसे आणि १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण घेऊन गेले होते. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परासियाच्या मुलांवरही लिहिले जाईल, आणि पत्त्याच्या कप्प्यात बहुधा नागपूर असेल. परासिया सापडलेच तर सारांशात सापडेल, नाहीतर आतल्या मजकुरात, जिथे पबमेडचा शोध पोहोचत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की नागपूरच्या पत्त्याच्या नोंदी उतरवून घ्या, मूळ फाइल हात न लावता जपून ठेवा, शोध कोणत्या तारखेला आणि कोणत्या शब्दांनी घेतला ते वहीत लिहा. मग तक्ता करा: नोंदीचा क्रमांक, साल, आजार, लेखकाचा पत्ता, रुग्णाचे गाव. पहिले चार रकाने स्क्रिप्ट बहुतेक भरून देईल. पाचव्यासाठी निबंध उघडून वाचावाच लागेल. आणि इथल्या डॉक्टरमंडळींना विनंती आहे की रुग्णाला नागपूरला पाठवताना चिठ्ठीवर गाव आणि तालुका ठळक लिहा, आणि तिथे निबंध लिहिणाऱ्या आपल्या मित्रांना ते सारांशात घालायला सांगा.