दुरुस्तीसाठी जागा बदलणारी गुणसूत्रे



स्वागत समितीच्या वतीने आपले मुंबईत मनापासून स्वागत. पेशीविज्ञानावर मराठीत परिषद भरते आणि सभागृह असे भरून जाते, याहून मोठा आनंद आम्हा यजमानांना कोणता?

आपला विषय डीएनएच्या दुरुस्तीचा. बिघाड झाला, विकरे तिथे पोचली, खराब तुकडा काढून नवा भरला, असे आपण शिकवतो. ते खरेच आहे. लिंडाल, मॉड्रिच आणि सँजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच यंत्रणेच्या उलगड्यासाठी मिळाले. पण बिघाडाची हालचाल त्या एका जागेपुरती राहत नाही, हे दाखवणारे एक काम याच शहरात, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले, आणि ते आज सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

केंद्रकात प्रत्येक गुणसूत्राचा स्वतःचा मुलूख असतो. जनुकांनी गच्च भरलेली १७ आणि १९ क्रमांकाची गुणसूत्रे साधारणपणे आतल्या बाजूला असतात. बी. जे. राव आणि सहकाऱ्यांनी मानवी त्वचेच्या पेशींना सिस्प्लॅटिन दिले. कर्करोगावर वर्षानुवर्षे वापरतात तेच हे औषध. ते डीएनएमध्ये नको तिथे बंध घालते. तेव्हा १७ आणि १९ कडेला सरकली, १२ आणि १५ आत आली. औषध धुऊन काढल्यावर, दुरुस्ती होताच, ती आपापल्या मूळ जागी परतली! हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१६ मध्ये त्यांनी दाखवले, की या स्थलांतराला केंद्रकातले मायोसिन-१ लागते. स्नायू ज्याच्या बळावर आखडतात, त्याच कुळातले हे प्रथिन.

डॉक्टरमंडळींना याचे मोल वेगळे सांगायला नको. सिस्प्लॅटिनने केलेली इजा जी गाठ चटकन भरून काढते, ती औषधाला दाद देत नाही. दुरुस्ती नेमकी कशी चालते, हा म्हणूनच रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे.

गुणसूत्रांना एवढे हलावे का लागते, याचे पुरते उत्तर अजून हाती नाही. त्यावर इथे खुली चर्चा व्हावी, आणि प्रत्येक सत्रात पहिला प्रश्न विचारण्याचा मान विद्यार्थ्यांना मिळावा, अशी अध्यक्षांना विनंती करतो आणि पुढील कामकाज त्यांच्याकडे सोपवतो.