बोंब गॅसची, दुखणं पंख्याचं

वर फ्रीजरमध्ये बर्फ होतोय, पण खाली ठेवलेलं दूध नासतंय, सकाळी भिजवलेली कणीक संध्याकाळी आंबतेय, अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. मग कुणीतरी सांगतं, 'गॅस संपला असेल.' गॅस भरायचा म्हणजे मोठा खर्च. तो करण्याआधी फ्रीजच्या पोटातल्या एका लहानशा पंख्याची चौकशी करायला हवी.

दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये थंडी तयार होते ती फ्रीजरच्या मागच्या पत्र्याआड असलेल्या कॉइलवर. तिथली गार हवा वर आणि खाली पोहोचवण्याचं काम हा पंखा करतो. तो थांबला की कॉइल गारच राहते, पण खालच्या कप्प्यापर्यंत हवा पोहोचत नाही. साध्या एक दारी डायरेक्ट कूल फ्रीजला बहुधा हा पंखा नसतो. तेव्हा आधी आपला फ्रीज कोणता, हे पाहून घ्यावं.

पहिली तपासणी कानानं करायची. बऱ्याच फ्रीजमध्ये दार उघडताच पंखा थांबतो. दाराच्या चौकटीतलं बटण बोटानं दाबून धरा आणि घरघर येते का ते ऐका. आवाज नाही म्हणून मोटर जळाली असं मात्र लगेच ठरवू नका. बर्फ वितळवण्याचं चक्र चालू असताना पंखा आणि कंप्रेसर दोन्ही बंद असतात. अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा ऐका. फ्रीजरमध्ये डबे आणि पिशव्या कोंबून हवेच्या जाळ्या बुजल्या नाहीत ना, तेही बघा.

कर्रकर्र किंवा टकटक असा आवाज येत असेल, तर पातं बर्फाला घासत असेल किंवा मोटरचं बुश झिजलं असेल. अशा वेळी फ्रीजचा प्लग काढा, अन्न दुसरीकडे हलवा, दारं उघडी ठेवा आणि रात्रभर बर्फ वितळू द्या. खाली जुनी फडकी अंथरा. सुरीनं किंवा उलथन्यानं बर्फ खरवडू नका. कॉइलची नळी नाजूक असते. तिला भोक पडलं तर गॅस खरोखरच जातो, आणि हल्लीच्या अनेक फ्रीजमधला आर-६०० ए हा गॅस ज्वालाग्राही असतो.

बर्फ वितळल्यावर पंखा नीट चालला, पण काही दिवसांत पुन्हा अडकला, तर दोष मोटरचा नाही. बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा थर्मोस्टॅट किंवा टायमर बिघडलेला असतो. नुसती मोटर बदलली तर तो खर्च वाया जाईल.

मोटर बदलणं मेकॅनिककडूनच करून घेतलेलं बरं, पण काम काय चाललंय ते आपल्याला कळायला हवं. प्लग काढल्यावर मागचा पत्रा उघडतात. पातं हातानं फिरवून बघतात. ते सहज फिरायला हवं. जड जात असेल किंवा डुगडुगत असेल, तर मोटर गेली. जुन्या पद्धतीच्या, २३० व्होल्टच्या मोटरची वायंडिंग मीटरनं तपासता येते. मीटरवर काहीच आलं नाही, तर वायंडिंग तुटली. इन्व्हर्टर फ्रीजमध्ये बहुधा १२ व्होल्टची डीसी मोटर असते. तिच्यापर्यंत वीज येते का, हे सर्किट बोर्डाकडून तपासावं लागतं. बोर्डच बिघडला असेल, तर नवी मोटरही फिरणार नाही.

नवी मोटर घेताना व्होल्टेज, वॅट, फिरण्याची दिशा आणि दांड्याची लांबी जुन्या मोटरशी जुळायला हवी. पातं उलटं बसलं तर हवा नीट जात नाही. खोलण्याआधी वायरींचा मोबाईलवर फोटो काढून ठेवलेला बरा. काम झाल्यावर बदललेली मोटर आणि बिल मागून घ्या.

आणि मेकॅनिकनं 'गॅसच गेलाय' असं सांगितलं, तर पत्रा उघडून कॉइल दाखवायला सांगा. गॅस कमी असेल, तर कॉइलच्या थोड्याच भागावर हिम धरतं आणि फ्रीजरही नीट गार होत नाही. सगळी कॉइल हिमानं भरलेली असेल आणि फ्रीजरमध्ये बर्फ होत असेल, तर संशयित पंखा किंवा हीटर, गॅस नव्हे.

दुरुस्ती होईपर्यंत खालच्या कप्प्यावर भरवसा ठेवू नका. दूध, शिजवलेलं अन्न, मासळी ५ अंशांच्या खाली राहायला हवी. कित्येक तास कोमट राहिलेलं अन्न, वास आला नाही तरी, टाकून द्यावं. घरात इन्सुलिन असेल, तर त्याला २ ते ८ अंश तापमान लागतं. खाली गार होत नाही म्हणून ते फ्रीजरमध्ये ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये त्याची तात्पुरती सोय करा, आणि नवी मोटर बसल्यावर फ्रीज पुरता गार झाल्याची खात्री करूनच परत आणा.