मुलीला डोळ्यांची डॉक्टर करायचंय?

(आपल्या केंद्राच्या वार्षिक सभेत नेत्रतज्ज्ञ डॉक्टरताईंनी केलेलं भाषण)



मघाशी चहाच्या वेळी एकीनं विचारलं, "पोरीला डोळ्यांची डॉक्टर व्हायचंय, किती वर्षं लागतील?" प्रश्न सगळ्यांच्याच कामाचा आहे, म्हणून आधी तेच सांगते.

दहावीनंतर विज्ञान शाखा, त्यात जीवशास्त्र पाहिजेच. बारावीला नीट परीक्षा. ती मराठीतूनही देता येते. मग एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक वर्ष. पुन्हा नीट-पीजी, आणि डोळ्यांचं एमएस ३ वर्षं. म्हणजे बारावीनंतर साडेआठ वर्षं, तीही कुठं न अडकता. तोवर मुलगी सव्वीस-सत्तावीसची होते. आणि आपल्याकडं अठरा पूर्ण झाले की स्थळं यायला लागतात! माझं स्पष्ट मत आहे, फीपेक्षा या मधल्या वर्षांतच जास्त मुली गळतात. नीटला पहिल्या खेपेला नंबर लागला नाही की, "झालं शिक्षण, आता उजवून टाका." अहो, वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देणाऱ्या कितीतरी असतात.

फीचं म्हणाल तर २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. अभिमत विद्यापीठात मात्र ही सवलत नाही. मेस, पुस्तकं हा खर्च उरतोच. गटातून म्हशीला कर्ज मिळतं, शिलाई मशीनला मिळतं. मग मुलीच्या मेसला का नको?

एमबीबीएसला नाहीच जमलं, तर ऑप्टोमेट्रीची पदवी आहे, इंटर्नशिप धरून ४ वर्षांची. त्यात शस्त्रक्रिया करता येत नाही, पण डोळे तपासणं, चष्म्याचा नंबर काढणं ही कामं असतात. प्रवेशाचे नियम त्या वर्षीचे बघून घ्या.

डॉ. तात्याराव लहाने लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातले. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात त्यांनी गोरगरिबांचे मोतीबिंदू काढले. आपल्या मुलींनीही हे काम करावं असं मला वाटतं, कारण आपल्या बायका दवाखान्यात फार उशिरा येतात. "मोतीबिंदू पिकू दे," म्हणतात. पिकायची वाट बघायची नसते, बरं का! तपासणारी बाई असली की त्या मोकळ्या बोलतात.

आता ज्यांची मुलगी यंदा दहावीला आहे, त्यांनी थोडं थांबा. उत्पन्न, डोमिसाइल, जात पडताळणी, कुठला दाखला आधी काढायचा ते लिहून देते.