बाळंतिणीपाशी ओळखीचे माणूस

(खामगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



पाणी, कापसाचा भाव, रोजगार हमी असे विषय समोर असताना बाळंतपणाचा विषय कशाला, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. हा घरातला, बायकांचा प्रश्न, अशी आपली समजूत असते. वस्तुतः सरकारी दवाखान्यात गरीब स्त्रीला माणूस म्हणून वागविले जाते की नाही, याची खरी कसोटी प्रसूतीकक्षात लागते. म्हणून हा प्रश्न राजकीय आहे.

जे साधले त्याची नोंद प्रथम प्रामाणिकपणे केली पाहिजे. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या वेळी महाराष्ट्रातील जेमतेम निम्मी बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांवर गेले. २००५ ची जननी सुरक्षा योजना, २०११ चा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आणि गावोगावच्या आशांची पायपीट यांचा त्यात वाटा आहे. २०१८-२० या काळात राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आले. हे यश थोडे नव्हे.

परंतु दवाखान्याच्या दारातून आत गेलेल्या बाईचे पुढे काय होते? सातपुड्याच्या पायथ्याची, जळगाव जामोद किंवा संग्रामपूर तालुक्यातील एखादी पहिलटकरीण डोळ्यांपुढे आणा. नऊ महिने तिची तपासणी उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेने केलेली असते. कळा सुरू झाल्यावर ती मोठ्या दवाखान्यात येते, आणि तेथील परिचारिका तिला प्रथमच पाहत असते. ड्यूटी बदलली की माणूस बदलते. अडचण निघाली तर खामगाव, नाही तर अकोला. तेथे पुन्हा नवे चेहरे. आई किंवा सासू दाराबाहेर. प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण जवळ असू द्यावी, असे केंद्र सरकारने २०१६ मध्येच कळविले आहे. पण जेथे दोन खाटांमध्ये पडदाही नाही, तेथे तो कागद कागदच राहतो.

याच जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलली जाते. जगातील कोणत्याही भाषाकुलाशी तिचे नाते निश्चितपणे जुळलेले नाही आणि ती बोलणारे अवघे दोन-अडीच हजार आहेत. ही मंडळी बाजारात मराठी, हिंदी, कोरकू बोलतात. पण कळा असह्य झाल्या की माणूस मायबोलीतच हाक मारते. ती हाक ओळखणारे त्या खोलीत कोण असते?

यावर कोणी म्हणेल, जुनी सुईणच बरी होती. मला हे मान्य नाही. सुईण ओळखीची होती, रात्रभर पाठ चोळीत बसत होती, हे खरे. पण नाळ कापणे हे विटाळाचे काम मानून ते बहुधा दलित व बलुतेदार जातींच्या स्त्रियांवर लादलेले होते आणि मोबदला म्हणजे सुपभर धान्य नि एखादे लुगडे. अंगावरून रक्त जाऊ लागले, मूल आडवे आले, तर तिच्या हाती उपाय नव्हता. आपल्याला तिची सोबत हवी आहे. तिची असहायता आणि तिच्या जातीवर लादलेली ती सक्ती नको आहे.

स्वतंत्र भारताने यावर उपाय योजिला नव्हता असे नाही. पन्नाशीच्या दशकात एएनएम तयार होऊ लागल्या, त्या मुख्यतः बाळंतपणासाठीच. पुढे १९७३ च्या कर्तारसिंग समितीने त्यांना बहुउद्देशीय आरोग्यसेविका केले आणि १९७७ मध्ये दोन वर्षांचे शिक्षण दीड वर्षावर आणले. लसीकरण, कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे, रजिस्टरे यांच्या ओझ्याखाली त्यांच्यातील सुईण दडपली गेली. २०१८ मध्ये केंद्राने पुन्हा मार्गदर्शक तत्त्वे काढली. परिचारिकांना अठरा महिन्यांचे खास शिक्षण देऊन प्रसूतीतज्ज्ञ परिचारिका घडवाव्यात, असे त्यांत म्हटले आहे. पाऊल योग्य आहे. पण त्यांची केंद्रे गर्दीच्या रुग्णालयांना जोडून उभारावयाची आहेत. पायथ्याच्या पहिलटकरणीपर्यंत ती केव्हा पोचणार?

आपली मागणी साधी आहे. गरोदरपणापासून बाळंतपणानंतरच्या दीड महिन्यापर्यंत प्रत्येक स्त्रीला एकच ओळखीची, शिकलेली प्रसूतीसेविका मिळावी. तीही सरकारी खर्चाने. ती दवाखान्यात बाईबरोबर जाईल आणि तिच्या हाकेला डॉक्टर व रुग्णवाहिका असतील. न्यूझीलंडने १९९० मध्ये कायदा बदलून सुईणींना डॉक्टरांच्या देखरेखीविना काम करण्याचा अधिकार दिला, आणि तेथे या सेवेचे पैसे सरकार देते. अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसते की अशा सोबतीने आपोआप प्रसूती होण्याचे प्रमाण वाढते व शस्त्रक्रिया कमी होतात. त्या चाचण्या बहुतांशी श्रीमंत देशांतल्या आहेत, हे मी लपवीत नाही. पण धीर देणाऱ्या हाताची गरज केवळ श्रीमंत देशांतच असते काय?

ही चैन परवडणार नाही, असे सांगितले जाईल. हिशेबच करू. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती. हजारी पंधरा जन्म धरले तर वर्षाला सुमारे ३९ हजार बाळंतपणे होतात. एकीकडे वर्षाला चाळीस बाळंतपणे सोपविली तर सुमारे हजार प्रसूतीसेविका लागतील. निम्म्या बाया खासगीत गेल्या असे धरले तर पाचशे. पाच हजार वस्तीच्या एका उपकेंद्रापुरते पाहिले तर दोघी पुरतात. तेरा तालुक्यांच्या जिल्ह्याला पाचशे पगारी नोकऱ्या, त्याही शिकलेल्या ग्रामीण मुलींना! याला चैन म्हणावे की रोजगार?

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. ही सोबत कंत्राटी राबणुकीतून मिळणार नाही. वर्षावर्षाच्या करारावर, मानधनावर आणि रात्री एकटीने राहून जी स्वतःच निराधार आहे, ती दुसरीला काय आधार देणार? म्हणून बाळंतिणीचा हक्क आणि सेविकेची कायम नोकरी, राहायला घर, रजा या मागण्या एकाच अर्जात लिहिल्या पाहिजेत.

याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. दर १२ जानेवारीला तेथे लाखो माणसे लोटतात आणि मातृत्वाचा जयजयकार होतो. त्या जयजयकारात आपणही सामील होऊ. परंतु परतताना वाटेवरच्या उपकेंद्राशी थांबून विचारू की, आज रात्री येथे कोणाला कळा आल्या तर तिच्या उशाशी कोण बसणार आहे? त्या उत्तरातून आपल्या कामाला सुरुवात होईल.