विशेषणे गाळा, काम लिहा



उज्जैनच्या मराठी घरांत डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर हे नाव नवे नाही. 1919 साली नीमचला जन्मलेले वाकणकर मूळचे चित्रकार. 1957 मध्ये रेल्वेने भोपाळकडे जाताना त्यांना डोंगरावर वेगळ्याच आकाराचे खडक दिसले. ते तिथवर पायी गेले आणि भीमबेटकाचे चित्रित शैलाश्रय जगापुढे आले. 1975 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तर 2003 मध्ये युनेस्कोने भीमबेटका जागतिक वारसा म्हणून नोंदवले.

आता या माणसाचा रेझ्युमे लिहायचा झाला तर? ‘1957, भीमबेटका : चित्रित शैलाश्रयांचा शोध, पुढे सर्वेक्षण व उत्खनन.’ वर्ष, ठिकाण, काम. ते जिज्ञासू होते, कष्टाळू होते, त्यांची नजर तीक्ष्ण होती, हे वाचणाऱ्याला त्या एका ओळीतूनच कळते.

आपल्याकडच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा रेझ्युमे मात्र बहुधा उलटा चालतो. सुरुवातीला कुठूनतरी उतरवलेले ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, मग हार्डवर्किंग, टीम प्लेयर, क्विक लर्नर. खाली वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती. शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ अशी प्रतिज्ञा. लग्नाच्या बायोडाटात यातले बरेच काही शोभेल; इंदूरच्या आयटी कंपनीला किंवा देवासच्या कारखान्याला त्याचा काही उपयोग नाही. तिथल्या वाचणाऱ्यासमोर अर्जांचा ढीग असतो. मोठ्या कंपन्यांत तर तो आधी सॉफ्टवेअर चाळते आणि जाहिरातीतले शब्द शोधते. रंगीत चौकटींत आणि दोन-दोन रकान्यांत कोंबलेला मजकूर त्याला अनेकदा नीट वाचताही येत नाही. नवख्या उमेदवाराला साधे, सरळ एक पान पुरते. जाहिरातीत ‘टॅली’ मागितले असेल आणि ते येत असेल, तर तोच शब्द पानावर दिसला पाहिजे.

‘पण लिहायला काही नाहीच,’ हे वाक्य प्रत्येक वर्गात ऐकू येते. ते खरे नसते. भेरूगढच्या बाटिक कारागिराची मुलगी सुट्टीत मेणकाम करते, रंगाचे माप ठेवते, व्यापाऱ्यांची बिले लिहिते. तिच्या रेझ्युमेत यातले अक्षरही नसते, कारण ‘ते तर घरचे काम’. ते किती वर्षे केले, किती ऑर्डरींचा हिशेब सांभाळला, हे तिने आकड्यांत लिहावे. मुलाखत घेणाऱ्याला विचारायला काहीतरी मिळते आणि तिला सांगायला पुष्कळ असते. भाषांचेही तसेच. घरी मराठी, गल्लीत माळवी, वर्गात हिंदी, पुस्तकांत इंग्रजी हे उज्जैनच्या मराठी मुलांचे मोठे भांडवल आहे. पुण्याला अर्ज करताना मराठी नुसती बोलता येते की लिहिताही येते, हे स्पष्ट नोंदवावे.

काही जणांना मधल्या रिकाम्या वर्षांची भीती वाटते. त्यांनी गजानन माधव मुक्तिबोधांकडे पाहावे. मातृभाषा मराठी असलेला हा थोर हिंदी कवी उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकला. 1938 मध्ये इंदूरहून बी.ए. झाल्यावर शाळामास्तरकी, पत्रकारिता, नागपूरला आकाशवाणी अशा नोकऱ्या त्यांनी केल्या. एम.ए. झाले ते वयाची पस्तिशी आल्यावर, आणि 1958 साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तारखा लपवून असा प्रवास सुबक दिसत नाही. उलट संशय वाढतो. घरच्या आजारपणात वर्ष गेले असेल तर एका ओळीत तसे लिहावे आणि पुढे जावे. खोटा अनुभव लिहिणाऱ्याचे बिंग पडताळणीत फुटते आणि हातची नोकरीही जाते.

पदवी नसेल तर तेही लपवायचे कारण नाही. 16 जानेवारी 1913 रोजी श्रीनिवास रामानुजन यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिले. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये आपण कारकून आहोत, विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले आणि सोबत प्रमेयांनी भरलेली पाने जोडली. पदवीची उणीव त्या पानांनी भरून काढली. आजच्या विद्यार्थ्याकडे अशी पाने वेगळ्या रूपात असतात : केलेला प्रकल्प, काढलेले नकाशे, लिहिलेला प्रोग्राम. त्यांची लिंक किंवा प्रत जोडायला विसरू नये.

या स्नेहसंमेलनातही कोणी जाहिराती मिळवल्या, कोणी खर्चाचा हिशेब ठेवला, कोणी ध्वनियंत्रणा सांभाळली. उद्याच बसून ते नोंदवून ठेवा, कारण वर्षभराने आकडे आठवत नाहीत. आणि इथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना व अध्यापकांना विनंती आहे : वर्षातली एक दुपार काढा, शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलामुलीचा रेझ्युमे त्यांच्याशेजारी बसून वाचा आणि प्रत्येक विशेषणापाशी थांबून विचारा, ‘हे कुठे, कधी केलेस?’ ज्याचे उत्तर मिळेल ते लिहून घ्या, बाकीचे खोडा.